हिरडोलीचा भक्कमांक

"हात पुढच्याच्या खांद्यावर! आणि कुणी हसायचं नाही!" अपेक्षा ओरडली, आणि नववीचा अख्खा वर्ग खदखदून हसला.

हसणारच की. सकाळची वेळ, फेब्रुवारीतलं कोवळं ऊन, फळा नाही, पुस्तक नाही, आणि विज्ञानाच्या मॅडम मैदानावर सगळ्यांची आगगाडी करताहेत म्हटल्यावर कोण गंभीर राहील? धड्याचं नाव होतं 'तरंग'. मागच्या वर्षीच्या पोरांनी तो पोपटासारखा पाठ केला आणि परीक्षा संपल्यावर घरी जाता जाता विसरूनही टाकला. अपेक्षाला ते फार लागलं होतं. यंदा हा धडा पोरांच्या डोक्यात नाही, अंगात गेला पाहिजे, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

रांगेत सगळ्यात मागे आर्या साळेकर होती. "आर्या, पुढच्याला एक धक्का दे. हळू हं, झोपवू नकोस त्याला."

आर्यानं धक्का दिला. तो एकाच्या पाठीतून दुसऱ्याच्या पाठीत सरसर पुढे गेला आणि पार पुढे उभा असलेला शौर्य दोन पावलं धडपडला.

"धक्का पुढे गेला. आर्या गेली का पुढे?"

"नाही मॅडम, ती तिथंच हाय!"

"बरोब्बर! लाट जाते, माणसं जागेवर राहतात. आणि तुम्ही हललात कसे? पुढे-मागे. लाट गेली तीही पुढेच. कण ज्या रेषेत हलतात त्याच रेषेत लाट जाते, तो अनुतरंग. माझा आवाज तुमच्या कानात असाच येतो, हवेच्या कणांची धक्काबुक्की करत. आता आर्या, धक्का नको. डावी-उजवीकडे डोल. बाकीच्यांनो, खांदे घट्ट धरा!"

आर्या डोलली. तिनं धरलेला खांदा डोलला, मग त्याच्या पुढचा, आणि वळवळत एक लहर रांगेच्या टोकापर्यंत पोचली.

"लाट गेली पुढे, पण तुम्ही हललात आडवे. हा अवतरंग. दोन लाटांत पहिल्यांदा कुठली पोचली?"

"धक्क्याची! डुलायला वेळ लागला."

"जमिनीतसुद्धा तस्संच होतं. आता गंमत बघा. हात सोडा खाली. पण चिकटून उभे राहा, पोट पाठीला टेकलेलं. तुम्ही आता दगड नाही, पाणी झालात. पाण्याचे कण एकमेकांना टेकून असतात, पण कुणी कुणाला धरून ठेवत नाही. आर्या, धक्का!"

धक्का गेला, पहिल्यापेक्षाही झरकन.

"आता डोल!"

आर्या डोलली. डोलतच राहिली. तिच्या पुढचा ठोंब्यासारखा सरळ उभा. "मॅडम, ही एकटीच डुलतेय, लग्नात पिऊन आलेल्या काकासारखी!" शौर्य म्हणाला, आणि पुन्हा हशा पिकला. पण त्या हशात अपेक्षानं पोरांचे डोळे पाहिले. समजलं होतं! पाण्यातून आडवी लाट जात नाही, हे वाक्य पुस्तकात एका ओळीत होतं, आणि आता ते सगळ्या वर्गाच्या खांद्यांत होतं. तिला इतका आनंद झाला की तिनं स्वतःच टाळ्या वाजवल्या.

आता खरा प्रयोग. हिरडोलीत त्यासाठी यंत्र हजर होतं, तेही सरकारी. पोलादपूरच्या बाजूला डोंगरउतारावर बसलेल्या सगळ्या गावांना तीन वर्षांपूर्वी ते मिळालं होतं. त्याचं कागदावरचं नाव लांबलचक होतं, गाव त्याला म्हणायचं 'ठोक्या'. डोंगराच्या वरच्या अंगाला एक लोखंडी खांब. तो दर पाव तासानं जमिनीवर उभा ठोका मारायचा, ठक्. आणि तिथपासून खालच्या आळीपर्यंत जमिनीत पुरलेली केसाएवढी काचेची तार, नागमोडी. तारेतून सतत लेसरचा प्रकाश वाहायचा. जमीन कणभर ताणली किंवा दबली, की तारेतला प्रकाश बिचकायचा. म्हणजे ती अख्खी तार डोंगराचा कानच. ठोक्याची लाट किती वेगानं खाली आली, ते तारेला कळायचं. जमीन घट्ट तर लाट वेगात, जमीन भुसभुशीत तर लाट रेंगाळत. त्यावरून ठोक्या गावाला शंभरपैकी गुण द्यायचा, त्याचं नाव भक्कमांक. चाळीसच्या खाली आला की भोंगा वाजणार आणि गाव रिकामं करायचं. साधं, सोपं, आणि दोन पावसाळ्यांत अनेक गावांत खरं ठरलेलं.

इथवर ठीक होतं. पण आपल्याकडे गुण म्हटले की स्पर्धा आलीच! सरकारनं 'भक्कम गाव' स्पर्धा काढली. ज्यानं झाडं लावून, चर खणून डोंगर घट्ट केला, त्या गावाला बारावीपर्यंतचं विज्ञान कॉलेज, प्रयोगशाळेसकट. हिरडोली अंतिम फेरीत होती. तिचे गुण चौऱ्याण्णव, शेजारच्या सावरटचे एक्क्याण्णव. परीक्षक आजच तीन वाजता येणार होते. कॉलेजची मागणी लिहिली होती अपेक्षानं स्वतः. दहावीनंतर महाडला वसतिगृहात कोण पाठवणार, म्हणून तिच्या हुशार हुशार पोरी घरी बसल्या होत्या. यंदाची आर्यासुद्धा त्याच वाटेवर होती. त्या प्रयोगशाळेची तिला स्वप्नं पडायची, अगदी बेसिनच्या नळासकट.

ठोक्याच्या तारेनं ऐकलेलं सगळं शाळेच्या टॅबवर बघता यायचं. मैदानाखालूनही तारेचं एक टोक गेलं होतं. अपेक्षानं जुन्या स्टेजची जाड फळी जमिनीवर आडवी ठेवली, वजनासाठी तिच्यावर सहा जाडजूड पोरं बसवली (निवड करताना भांडण झालं, कुणालाच जाडजूड व्हायचं नव्हतं), आणि शौर्यच्या हातात घण दिला. "फळीच्या टोकावर मार. वरून नाही, बाजूनं. म्हणजे फळी जमिनीला आडवी ओढेल, आणि जमिनीत अवतरंग जाईल."

धाड! टॅबवर एक नाजूक रेघ थरथरली, आणि तिच्या मागून चांगली ठसठशीत लाट आली.

"आता दुसऱ्या टोकावरून!"

धाड! या वेळी ती लाट उलटी उमटली. उंचवट्याच्या जागी खोलगट, खोलगटाच्या जागी उंचवटा. "बघा! उलट बाजूनं ओढलं तर उलटी डोलली. म्हणजे ही अवतरंगच. हिची ओळख अशी पटवायची." पोरं टॅबवर अशी तुटून पडली की तो फुटायची वेळ आली. देवळामागच्या कातळावर फळी नेली, तिथं तर दोन्ही लाटा खणखणीत. घण मारायला रांग लागली.

"आता गावातल्या सगळ्यात भक्कम जागी करूया," अपेक्षा उत्साहानं म्हणाली. "वर, ठोक्याच्या खालच्या उतारावर. चला!"

आश्चर्य म्हणजे कुणी हललं नाही. आर्या शौर्यकडे बघत होती, शौर्य आपल्या चपलेकडे.

"काय रे? चढायचा कंटाळा?"

"नाही मॅडम... चला," आर्या पडलेल्या आवाजात म्हणाली.

उतारावर कारवीच्या झुडपांमध्ये त्यांनी फळी टाकली. सहाजण बसले. धाड! धक्क्याची पहिली लाट आली, मैदानापेक्षा कितीतरी वेगानं. अपेक्षा खूश झाली. भक्कम म्हणजे भक्कम! आता आडवी येईल म्हणून ती टॅबकडे बघत राहिली. रेघ सपाट होती. बऱ्याच वेळानं एक मरगळलेली लहर आली, रांगत रांगत.

"जोरात मार."

धाड! पुन्हा तसंच. त्यांनी फळी आणखी वर, ठोक्याच्या जवळ नेली. तिथं पहिली लाट आली आणि नंतर काहीच नाही. दुसऱ्या टोकावरून मारलं, काहीच नाही. शौर्य घामाघूम झाला. टॅब बिघडला की काय म्हणून अपेक्षानं तो दोनदा बंद-चालू केला. ठोक्यानं आपला ठरलेला ठोका दिला, ठक्, आणि पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा आकडा चमकला. चौऱ्याण्णव.

आर्या फळीवरून उठली.

"मॅडम," ती म्हणाली, "मातीनं हात सोडलेत."

अपेक्षानं टॅब खाली ठेवला. तिनं फळीशेजारची माती उकरली. वरचा थर कोरडा, आणि वीतभर खाली चिखल. फेब्रुवारीत! महिनोन्महिने पावसाचा थेंब नाही आणि डोंगराच्या पोटात चिखल!

"पाणी कुठून आलं?" तिनं विचारलं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. "आर्या, पाणी कुठून आलं?"

"सरपंचांनी सांगितलंय, मॅडमना सांगायचं नाही," शौर्य रडवेल्या आवाजात म्हणाला. "तुम्हाला कळलं तर तुम्ही त्याचा धडा कराल म्हणून."

मग सगळं बाहेर आलं. दिवाळीनंतर वरच्या खाचराचा बांध कुणी उघडायला विसरलं, तिथं पाणी साठून राहिलं, आणि ठोक्याचे गुण एकदम सहानं वाढले. गावानं ते बरोबर टिपलं. मग काय विचारता! पऱ्यावर, म्हणजे गावच्या ओढ्यावर, सौरपंप बसला, खाचराला चांगला उंच बांध पडला, आणि दोन महिने डोंगराला रोज पाणी. जितकं पाणी, तितके गुण. सगळ्या गावाला ठाऊक, फक्त अपेक्षाला नाही. आणि हे सगळं करणाऱ्या सरपंच होत्या रंजना उतेकर, म्हणजे अपेक्षाच्या सख्ख्या सासूबाई.

कोड्याचे तुकडे तिच्या डोक्यात पटापट जुळले. कोरड्या मातीच्या कणांमध्ये हवा असते, हवा दबते, म्हणून धक्क्याची लाट रेंगाळते. त्याच फटींत पाणी भरलं की पाणी दबत नाही, धक्का सुसाट जातो. ठोक्याला कळतं फक्त एवढंच, की पहिली लाट लवकर आली. तो आनंदानं गुण वाढवतो! यंत्र करणारे काही वेडे नव्हते. पावसाचं पाणी ते हिशेबातून वजा करत होते, पर्जन्यमापक बघून. पण उन्हाळ्याच्या तोंडावर माणसंच डोंगराला पाणी पाजतील, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. दुसऱ्या लाटेला कुणी विचारलंच नव्हतं. आणि उताराखाली होती खालची आळी, शाळा, आणि तिचं स्वतःचं घर.

"सगळ्यांनी कातळावर जायचं. शाळेत नाही, घरी नाही. पाचवीपासूनची पोरंही तिकडेच न्या, गुरुजींना सांगा मी सांगितलंय." आणि ती पदर खोचून पळत सुटली.

पळता पळता तिनं जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला. "मॅडम, तुमचा आकडा चौऱ्याण्णव दिसतोय," पलीकडचा माणूस सौजन्यानं म्हणाला. "चौऱ्याण्णव म्हणजे हिरवा. हिरव्यावर आम्ही गाव हलवत नाही."

ग्रामपंचायतीसमोर मांडव पडला होता. रंजनाबाई स्वतः खुर्चीवर चढून तोरण सरळ करत होत्या. साठीची बाई, अंगानं भरलेली, आवाज असा की लाउडस्पीकरची गरज नाही.

"आई, खाली उतरा. डोंगर येतोय."

"कोण येतोय? तीनला येणार व्हते ना?"

अपेक्षानं धापा टाकत सगळं सांगितलं. लाटा, पाणी, फळी, चिखल. रंजनाबाई शांतपणे ऐकत होत्या, आणि त्या शांत झाल्या की गाव घाबरायचं.

"म्हंजे पोरांनी तोंड उघडलं," त्या म्हणाल्या. "हे बघ अपेक्षा. ते यंत्र सरकारनं दिलं. मोठमोठ्या लोकांनी केलं. ते चौऱ्याण्णव म्हणतंय. आणि तू फळीवर पोरं बसवून सांगतेस की डोंगर पातळ झाला?"

"हो."

"अगो, खळं करताना आपण काय करतो? माती घालतो, पाणी मारतो, चोपतो. पाण्यानंच माती बसते ना? हे तुझ्या पुस्तकात नसंल, पण माझ्या हाताला म्हाईत हाय. ठोक्यानं तेच सांगितलं."

हेच ते! अपेक्षाला आत्ता उमगलं, एवढ्या शहाण्या गावानं हा मूर्खपणा का केला. दर वर्षी भात झोडायच्या आधी घरोघर खळं चोपतात, आणि पाणी मारल्याशिवाय खळं होत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"आई, पाणी मारलेल्या खळ्यावर त्याच दिवशी भात झोडता का?"

"झोडू कशी? पाय रुतंल. वाळाया नको?"

"मग आपलं खळं वाळलंय कधी? दोन महिने रोज पाणी मारतोय आपण!"

रंजनाबाईंचा हात तोरणावर तसाच राहिला. पण त्या अशा तशा ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. "तीन वाजता परीक्षक येतील. पाचला जातील. मग काय ते पाणी पऱ्यात सोडू. कॉलेज तुलाच पायजे व्हतं ना? मी काय माझ्यासाठी केलं हे?"

हे खरं होतं, आणि ते अपेक्षाच्या वर्मी लागलं. लग्न होऊन आली तेव्हा तिचं बीएस्सी अर्धं राहिलेलं. तिला पुन्हा शिकायला धाडणारी हीच बाई होती, सगळ्या भावकीशी भांडून. तिच्यासमोर उभं राहून तुम्ही चुकलात म्हणणं अपेक्षाला जड जात होतं. तरी ती म्हणाली, "मला कॉलेज हवंय आई, पण त्यात बसायला पोरं हवीत. तुम्ही वर चला. घण तुमच्या हातानं मारा. तुम्हाला दिसलं नाही, तर मी परत शब्द काढणार नाही."

रंजनाबाई खुर्चीवरून उतरल्या. "चल."

आणि मग हिरडोलीच्या सरपंच, ठेवणीतली पैठणी नेसलेल्या, मांडवातल्या दहा-बारा बायकांना घेऊन डोंगर चढल्या. बायका फळीवर बसल्या. "सरपंचबाई, आम्ही बसलो तर पोरांपेक्षा लाट मोठी येईल हां," कुणी म्हणालं, पण हसलं कुणी नाही. रंजनाबाईंनी पदर कमरेला गुंडाळला आणि घण हाणला. पहिली लाट आली. दुसरी नाही. त्यांनी दुसऱ्या टोकावर हाणला. नाही. ओळीनं पाच-सहा वेळा हाणला, दर वेळी आधीपेक्षा जोरात, जणू डोंगराला हाका मारत होत्या. डोंगर ओ देत नव्हता.

शेवटी त्यांनी घण खाली टाकला. तो जिथं पडला तिथं मातीत अर्धा बुडाला. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

"मीच पाजलं गो पाणी," त्या म्हणाल्या.

"आई, आता ते नंतर."

"व्हय. नंतर." त्यांनी डोळे पुसले आणि आवाज लावला. "ए, पंप बंद करा! बांध पऱ्याच्या अंगानं फोडा, खाली नको येऊ देऊ पाणी! आळी खाली करा सगळी! म्हातारी, पोरं, गुरं, कातळावर! भांडी राहू दे! कोण मागं राहील त्याच्याशी गाठ माझ्याशी हाय!"

परीक्षक वेळेवर आले. अध्यक्ष होते डॉ. बागवे, मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांना रस्त्यात दिसली डोक्यावर गाठोडी घेतलेली माणसं, दोरीनं ओढत नेलेल्या म्हशी, खाटेवरून चाललेली एक आजी. मांडवात पडद्यावर हिरवे चौऱ्याण्णव झळकत होते आणि मांडव रिकामा होता. कातळावर रंजनाबाई त्यांना सामोऱ्या गेल्या.

"सरपंचबाई, अभिनंदन! तुमचेच गुण सर्वात जास्त आहेत. पण हे काय चाललंय?"

"साहेब, ते गुण खोटे हायत. आम्ही डोंगराला पाणी पाजून वाढवले. सगळ्या गावासमोर सांगते. तो नंबर काढून टाका, आणि मागं सरका, तुमची गाडी बी तिकडं लावू नका."

अपेक्षानं त्यांना टॅबवरच्या रेघा दाखवल्या. बागव्यांनी एकेक रेघ मोठी करून पाहिली. मग म्हणाले, "पहिल्याच लाटेची वेळ घ्यायची, हे समितीत ठरलं तेव्हा मी होतो." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि जिल्ह्याला फोन लावायला बाजूला गेले.

अपेक्षाला एकदम आठवलं. "आई, सावरटचे एक्क्याण्णव कसे?"

रंजनाबाईंचा चेहरा उतरला. सावरट त्यांचं माहेर, आणि तिथला सरपंच त्यांचा धाकटा भाऊ, सुभाष. दोघांच्यात या स्पर्धेवरून महिनाभर फोनवर चिडवाचिडवी चालली होती. "मीच तोऱ्यात सांगितलं त्याला, संक्रांतीला," त्या पुटपुटल्या आणि फोन लावला.

"सुभाष, डोंगरावरचं पाणी पऱ्यात सोड. गाव हलव."

पलीकडचं हसू अपेक्षालाही ऐकू आलं. "आक्का, तुझे चौऱ्याण्णव, माझे एक्क्याण्णव. मी पाणी सोडलं की माझे साठ. परीक्षक तुझ्याकडून थेट माझ्याकडंच येणार. वा गं वा! लहानपणी गोट्यांत पण अशीच फसवायचीस." आणि त्यानं फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलेना.

मग वाट बघणं आलं. तास गेला. जिल्ह्यानं बागव्यांनाही तेच ऐकवलं होतं, आकडा हिरवा आहे. डोंगर आपला हिरवागार, ढिम्म. कातळ तापला होता, पोरं पाणी मागत होती, म्हशी बिथरल्या होत्या. कुजबुज सुरू झाली. सुनेच्या नादानं सरपंचबाईंनी हातातलं कॉलेज घालवलं. कुणी म्हणालं, चूल तशीच जळती ठेवून आलेय, जाऊन येऊ का? रंजनाबाई आळीच्या वाटेवर दगडावर बसल्या होत्या, आणि त्यांना ओलांडून जायची कुणाची छाती नव्हती. अपेक्षाच्या मनात मात्र काहूर. चुकलं असेल तर? एका फळीवर, सहा पोरांवर तिनं सगळं गाव उठवलं होतं. तिनं पुन्हा पुन्हा त्या रेघा तपासल्या. दर वेळी उत्तर तेच. ती सासूबाईंशेजारी जाऊन बसली.

"घाबरलीस?" रंजनाबाईंनी विचारलं.

"हो."

"मी बी."

ठोक्याची वेळ झाली. वरून आवाज आला, ठक्.

त्या ठोक्यामुळे की नुसतं त्या ठोक्याच्या वेळी, यावर आजही वाद चालतो. पण कारवीची झुडपं सगळी मिळून एकदम खाली सरकली, उभीच्या उभी. मग उतार मधोमध फाटला, लोखंडी खांब कलला आणि नाहीसा झाला, आणि अख्खा डोंगर चिखल होऊन खाली धावला. पायाखालचा कातळ थरथरला. आळीतली घरं एकामागून एक आत गेली, साळेकरांचं, उतेकरांचं, शाळेची लांब इमारत, मांडव. माणसं किंचाळत होती, एकमेकांना कवटाळत होती, नावं घेऊन हाका मारत होती. आणि प्रत्येक हाकेला ओ येत होती! अपेक्षा वेड्यासारखी आपल्या पोरांतून धावत होती, डोक्यांना हात लावत होती. सगळी होती. एकूण एक होती. तिला रडू फुटलं आणि त्याच वेळी हसूही येत होतं. आर्यानं तिच्या गळ्यात हात टाकले आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या.

धुळीतून रंजनाबाई आल्या. ज्या घरात त्या नवरी म्हणून आल्या होत्या, ते आता दिसत नव्हतं. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. त्या फोन लावत होत्या. तिसऱ्यांदा सुभाषनं उचलला.

"आक्का, आता काय? परीक्षक निघाले का तिकडून?"

"डोंगर आला," रंजनाबाई म्हणाल्या. त्यांचा तो दणदणीत आवाज पार बसला होता. "आळी गेली. शाळा गेली. घर गेलं आपलं. माणूस नाय गेलं एकबी. सुनेनं वाचवलं."

मग सुभाषनं विचारलं, अगदी हळू, "किती होते गो तुझे?"

"चौऱ्याण्णव."

"आणि पडला तेव्हा?"

"चौऱ्याण्णवच होते, सुभाष."

फोन कुठंतरी आपटल्याचा आवाज आला. पावलं पळाली. लांबून सुभाष ओरडत होता, "शाळा सोडा! आधी शाळा सोडा!" रंजनाबाईंनी फोन दोन्ही हातांत धरून अपेक्षाच्या कानाजवळ नेला. दोघी ऐकत राहिल्या. थोड्या वेळानं सावरटच्या शाळेची घंटा वाजायला लागली, आणि वाजतच राहिली.